पाणी का उकळतंय?

सदर : शेजारधर्म

ग्रँड कॅन्यन न पाहिलेलं मराठी कुटुंब अमेरिकेत शोधूनच काढावं लागेल. भारतातून आई-बाबा आले की नायगारा, न्यूयॉर्क, लास व्हेगास आणि तिथून ग्रँड कॅन्यन हा क्रम ठरलेला. कड्यावर फोटो काढताना मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं, की खाली कोलोरॅडो नदीच्या काठाने जो काळपट खडक उघडा पडला आहे, त्याचं नाव विष्णू आहे. भूशास्त्रात तो ‘विष्णू शिस्ट’ म्हणून ओळखला जातो. जोडीला ब्रह्मा आणि रामा या नावांचे खडकही आहेत. क्लॅरन्स डटन या भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात इथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवळांची नावं द्यायची प्रथा पाडली, त्यातली ही. हा विष्णू साधारण १७५ कोटी वर्षांचा. आपण ज्यावर उभे असतो तो वरचा चुनखडीचा थर त्या मानाने तरुण, सुमारे २७ कोटी वर्षांचा.

आता त्याच कड्यावर शेजारी एखाद्या चर्चची सहल उभी असू शकते. त्यांचा मार्गदर्शक सांगत असतो, की हे सगळे थर नोहाच्या महापुरात काही महिन्यांत साचले आणि पृथ्वीचं एकूण वयच सहा हजार वर्षांच्या आसपास आहे. अशा सहली खरोखर निघतात. केंटकी राज्यात विल्यम्सटाउनला २०१६ साली नोहाचं ५१० फूट लांबीचं लाकडी तारू उभं राहिलं, त्यात डायनोसॉरचीही सोय केली आहे. आणि हे चार-दोन विक्षिप्तांचं प्रकरण नव्हे. गॅलपच्या २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के अमेरिकनांनी सांगितलं, की देवाने माणूस आजच्याच रूपात निर्माण केला. ३४ टक्के म्हणाले, उत्क्रांती झाली पण देवाच्या योजनेनुसार. देवाचा काही संबंध नाही म्हणणारे २४ टक्के.

अशा वेळी आपल्या गप्पांत दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, “एवढा पुढारलेला देश, चंद्रावर माणूस पाठवला, आणि तरी हे असं!” दुसरं, “ख्रिश्चन धर्माचं आणि विज्ञानाचं पहिल्यापासून वाकडंच. आपला धर्म बघा, मुळातच वैज्ञानिक.” यंदा ही दोन वाक्यं जरा तपासून बघू. शेजाऱ्याच्या घरातला वाद नीट ऐकला, तर आपल्याही घरातलं थोडं ऐकू येतं.

सहा हजार वर्षांचा आकडा आला कुठून? बायबलमध्ये तो कुठेही लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधल्या वंशावळ्या, राजांच्या कारकिर्दी आणि इतर देशांचे इतिहास जुळवून हिशेब मांडला आणि सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरवला. त्यांच्या काळात तो हिशेब विद्वत्तेचाच नमुना होता. पण पुढे खडकांचा अभ्यास सुरू झाला आणि तो करणाऱ्यांत धर्मोपदेशकच बरेच होते. केंब्रिजचे ॲडम सेजविक हे अँग्लिकन पाद्री आणि भूशास्त्राचे प्राध्यापक. महापुराच्या खुणा खडकांत सापडतात असं तेही आधी मानत. पुरावा उलटा दिसल्यावर १८३१ साली त्यांनी लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे ते मत जाहीरपणे मागे घेतलं. डार्विनचं पुस्तक यायला अजून २८ वर्षं होती. सेजविक त्यानंतरही पाद्रीच राहिले.

डार्विनचं म्हणणं अमेरिकेत पहिल्यांदा समजावून सांगितलं तेही एका भाविकानेच. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे नियमाने चर्चला जाणारे. डार्विनने १८५७ साली, म्हणजे पुस्तक यायच्या दोन वर्षं आधी, आपल्या सिद्धांताचा सारांश त्यांना पत्राने कळवला होता, इतका दोघांचा विश्वास. निसर्गनिवड ही देवाची काम करण्याची रीत असू शकते, असं ग्रे म्हणत. डार्विनला ते पटलं नाही, पण मैत्री टिकली.

याच्याही आधी, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, संत ऑगस्टिनने आपल्या धर्मबांधवांना बजावलं होतं. ताऱ्यांविषयी, ग्रहणांविषयी, प्राण्यांविषयी इतरधर्मीयांनाही अनुभवाने आणि हिशेबाने बरंच ठाऊक असतं. त्यांच्यासमोर बायबलचा हवाला देऊन चुकीचं बोललात, तर हसं तुमच्या ग्रंथाचं होईल. आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत जो ग्रंथ चुकीचा वाटला, त्याचं पारलौकिक बोलणं तरी ते कशाला ऐकतील? सोळाशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला चर्चमधल्याच माणसाचा आहे.

मग आज दिसणारी सहा हजार वर्षांच्या पृथ्वीची चळवळ कधीची? ती फार जुनी नाही. महापुरातच सगळे खडक साचले या कल्पनेला अमेरिकेत मोठा वाचकवर्ग मिळाला तो १९६१ साली आलेल्या ‘द जेनेसिस फ्लड’ या पुस्तकामुळे. जॉन व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि हेन्री मॉरिस हे इंजिनिअर, असे त्याचे दोघे लेखक. त्याआधी कट्टर बायबलनिष्ठांतही अनेक जण पृथ्वी अतिप्राचीन आहे हे मानून चालत. विज्ञानाला प्रतिष्ठा मिळाल्यावर धर्मालाही विज्ञानासारखं बोलता यावं, या इच्छेतून ही चळवळ वाढली. खडकांचे नमुने, आलेख, संग्रहालय, संशोधन संस्था, सगळं विज्ञानाच्याच थाटाचं. जे आपल्याला प्राचीन हट्ट वाटतं, ते पुष्कळ अंशी विसाव्या शतकातलं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेत हा वाद सारखा कोर्टात जातो आणि दर वेळी रणांगण असतं शाळेचा वर्ग. पहिला गाजलेला खटला टेनेसीतल्या डेटन गावचा, जुलै १९२५. २०२५ साली त्याला शंभर वर्षं झाली. सरकारी शाळेत माणसाची उत्क्रांती शिकवायला राज्याने बंदी केली होती. २४ वर्षांचे शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर खटला चालला आणि त्यांना शंभर डॉलर दंड झाला. शिक्षकांच्या बाजूने नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो, सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन.

नाटक-सिनेमांमुळे ब्रायन यांची प्रतिमा अडाणी हटवाद्याची झाली. हे गृहस्थ तीनदा अध्यक्षपदाचे उमेदवार होते, परराष्ट्रमंत्री होते. १९०६ साली जगप्रवासात ते हिंदुस्थानात आले आणि ब्रिटिश राजवटीवर त्यांनी इतकं परखड लिहिलं, की आपल्या राष्ट्रवाद्यांनी ते लेखन आवडीने पसरवलं. उत्क्रांतीवर त्यांचा राग केवळ बायबलपोटी नव्हता. बळकटाने दुबळ्याला चिरडणं हा निसर्गनियमच आहे, असं डार्विनच्या नावाने सांगितलं जात होतं आणि त्यातून युद्धाचं समर्थन होत होतं, याची त्यांना भीती वाटे. ती अगदीच निराधार नव्हती. डेटनच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात मानवी वंशांची उतरंड लावून गोरे सर्वांत वर ठेवले होते आणि ‘सदोष’ माणसांना संतती होऊ देऊ नये असा उपदेशही होता. ब्रायन यांचा विज्ञानाबद्दलचा निष्कर्ष चुकला, पण विज्ञानाच्या नावावर माणसाची किंमत ठरवू देऊ नका, हा त्यांचा आग्रह चुकीचा म्हणता येईल का? आणखी एक, डॅरो यांनी उलटतपासणी घेतली तेव्हा सृष्टीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच दिवस असं नव्हे, हे ब्रायन यांनी स्वतःच सांगून टाकलं. खटला संपल्यावर पाच दिवसांनी त्यांचं निधन झालं. बंदीचा कायदा १९६७ पर्यंत राहिला.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली अशा बंद्या घटनाबाह्य ठरवल्या. १९८७ साली लुइझियाना राज्याचा ‘उत्क्रांती शिकवायची तर निर्मितिवादही शिकवा’ हा कायदाही रद्द झाला. त्यानंतर नवं नाव पुढे आलं, ‘इंटेलिजेंट डिझाइन’. देवाचं नाव घ्यायचं नाही. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की तिच्यामागे कोणीतरी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, एवढंच म्हणायचं. याचा निकाल लागला पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या गावात, आणि माझ्या मते आपण मराठी पालकांनी वाचावा असा खटला हाच आहे.

ऑक्टोबर २००४ मध्ये डोव्हरच्या शाळा मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की नववीच्या जीवशास्त्राच्या तासाआधी एक निवेदन वाचून दाखवायचं. डार्विनचा सिद्धांत हा फक्त सिद्धांत आहे, त्यात उणिवा आहेत, ‘इंटेलिजेंट डिझाइन’ हे वेगळं स्पष्टीकरण आहे, त्याचं पुस्तक ग्रंथालयात मिळेल. मिनिटभराचं निवेदन. शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी ते वाचायला लेखी नकार दिला. आपल्या विषयाबद्दल विद्यार्थ्यांना जाणूनबुजून चुकीचं सांगणं व्यवसायाच्या नियमांत बसत नाही, असं त्यांनी कळवलं. शेवटी जानेवारी २००५ मध्ये अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचलं. मी काही वर्षं शाळेत शिकवलं आहे. नोकरीवर असताना असं पत्र लिहायला काय लागतं, याची मला थोडी कल्पना आहे.

अकरा पालक कोर्टात गेले. हे नास्तिकांचं टोळकं होतं असं समजू नका. त्यांच्यात चर्चमध्ये मुलांचे वर्ग घेणारेही होते. पालकांचे पहिले साक्षीदार ब्राउन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर. डोव्हरच्या वर्गात वापरलं जाणारं पाठ्यपुस्तक त्यांनीच सहलेखक म्हणून लिहिलेलं, आणि ते स्वतः श्रद्धावान कॅथलिक. शाळा मंडळाचे मुख्य साक्षीदार लीहाय विद्यापीठातले मायकेल बीही. तेही कॅथलिक! बीही पृथ्वीचं अब्जावधी वर्षांचं वय मान्य करतात. त्यांचा मुद्दा वेगळा होता. काही जिवाणूंना पोहण्यासाठी फिरती शेपटी असते. तिचा एकही भाग काढला तर ती बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडलेली असू शकत नाही. उंदराच्या सापळ्याचं उदाहरण ते देत: स्प्रिंग काढली की सापळा निरुपयोगी. मिलर यांनी दाखवलं, की त्याच शेपटीतल्या काही भागांसारखी रचना दुसऱ्या जिवाणूंत विष टोचायच्या सुईचं काम करते. अर्धी शेपटी पोहायला निरुपयोगी असेल, पण इतर कशाला तरी उपयोगी पडतेच. मोडक्या सापळ्याची टायपिनही करता येते, आणि तशी ती लावून मिलर फिरतही.

उलटतपासणीत बीही यांना विचारलं गेलं, की विज्ञानाची तुमची व्याख्या एवढी सैल, तर त्यात फलज्योतिष बसेल का? बसेल, असं त्यांना कबूल करावं लागलं. कुंडली घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींनी खूश व्हावं की काय, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवते.

त्याहून मजेशीर पुरावा कागदांत निघाला. ग्रंथालयातल्या त्या पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात आले. १९८७ च्या निकालाच्या आधीच्या मसुद्यात ‘निर्मितिवादी’ असा शब्द होता, निकालानंतरच्या मसुद्यात जागोजागी ‘रचनावादी’. एके ठिकाणी जुना शब्द नीट खोडला गेला नाही आणि दोन्ही शब्द एकमेकांत घुसून भलताच जोडशब्द राहून गेला. पाटी बदलली, माल तोच, हे त्या एका शब्दाने सांगितलं.

पण माझ्या लक्षात राहिलेली साक्ष जॉन हॉट यांची. हे जॉर्जटाउन विद्यापीठातले कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ, म्हणजे ब्रह्मविद्येचे प्राध्यापक, आणि ते आले होते पालकांच्या बाजूने. त्यांनी चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं. शेगडीवर किटली उकळते आहे आणि कुणी विचारलं, पाणी का उकळतंय? एक उत्तर, पाण्याचे रेणू वेगाने हलताहेत आणि वाफ होऊन निघताहेत. दुसरं उत्तर, बायकोने गॅस पेटवला. तिसरं, मला चहा प्यायचा आहे. तिन्ही उत्तरं खरी. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. मात्र तिसरं उत्तर पहिल्याच्या जागी घुसवायचं नाही. रेणू तपासताना तिथे ‘चहाची इच्छा’ शोधायला लागलात, तर तुम्ही रसायनशास्त्रही बिघडवता आणि त्या इच्छेलाही रेणूएवढी करून टाकता. हॉट यांची तक्रार ही होती. ‘इंटेलिजेंट डिझाइन’ विज्ञान म्हणून तर वाईट आहेच, पण धर्मशास्त्र म्हणूनही वाईट आहे. कारण त्यात देव हा यंत्राचा एक सुटा भाग होतो. जिथे आपल्याला कळत नाही तिथे देव बसवायचा, आणि उद्या कळलं की त्याला जागा रिकामी करायला लावायची. भाडेकरूसारखा देव कोणत्या भाविकाला हवा असतो?

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. हे रिपब्लिकन पक्षाचे, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले, ल्यूथरन चर्चला जाणारे. त्यांनी लिहिलं, की हा विचार विज्ञान नाही, निर्मितिवादाचंच नवं रूप आहे, आणि उत्क्रांती मानली म्हणजे देव नाकारला हे गृहीतकच खोटं आहे. धर्माचं नाव घेणारे काही सदस्य साक्षीत खोटं बोलले, याबद्दलही त्यांनी कडक ताशेरे मारले. निकालानंतर न्यायमूर्तींना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तोवर गावाने आपला निकाल देऊन टाकला होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीत लढवल्या गेलेल्या आठही जागांवरचे जुने सदस्य हरले. शाळेला वकिलांच्या खर्चापोटी दहा लाख डॉलरहून थोडे जास्त द्यावे लागले.

म्हणून आपलं पहिलं वाक्य टिकत नाही. भांडण ख्रिस्ती धर्म विरुद्ध विज्ञान असं नव्हतंच. डोव्हरच्या कोर्टात दोन्ही बाजूंना चर्चला जाणारी माणसं होती. भांडण होतं श्रद्धेच्या दोन तऱ्हांमध्ये. एक तऱ्हा विज्ञानाकडून प्रमाणपत्र मागते आणि ते मिळालं नाही की प्रमाणपत्र देणाऱ्यावरच चिडते. दुसरी ते मागतच नाही.

आणि प्रमाणपत्र आपण होऊन चालत आलं तर? तेही घडलं आहे. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. हार्वर्डच्या वेधशाळेत आणि एमआयटीत शिकून गेलेले. विश्व प्रसरण पावतं आहे असं त्यांनी १९२७ साली मांडलं आणि १९३१ साली म्हटलं, की सारं एका आदिम अणूपासून सुरू झालं असावं. आज आपण त्यालाच बिग बँग म्हणतो. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात सुचवलं, की विज्ञानाने आता सृष्टीच्या आरंभाची साक्ष दिली आहे. कुणाही भक्ताला आनंद व्हावा असा क्षण! लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत बरोबर असो वा चूक, देव आहे की नाही याचा निवाडा त्याने होत नाही, असं त्यांचं मत होतं. पोपच्या जवळच्या माणसांशी बोलून त्यांनी ते कळवलं आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. ज्याच्या हातात प्रमाणपत्र होतं, त्यानेच ते द्यायला नकार दिला. आज सिद्धांताच्या आधारावर देव उभा केला, तर उद्या सिद्धांत बदलल्यावर काय करणार, हे त्या धर्मगुरूला कळत होतं.

आता दुसऱ्या वाक्याकडे, आणि त्यासाठी बोस्टनहून मुंबईला जावं लागेल. आपण विमानाने इकडे आलो त्याच्या दीडशे वर्षं आधी काही अमेरिकन जहाजाने आपल्याकडे गेले होते. बोस्टनच्या मिशन संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे त्या कामाला अमेरिकन मराठी मिशन असं नाव पडलं, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं आणि तिथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. मराठीत भूगोल, खगोल, नवे शोध सामान्य वाचकापर्यंत नेण्यात त्याचा वाटा मोठा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. पण त्या काळच्या मिशनरींच्या हातात विज्ञान हे हत्यारही होतं. पुराणांतला दुधाचा नि तुपाचा समुद्र, मेरू पर्वत, चंद्राला गिळणारा राहू हे सगळं दुर्बिणीने खोटं पाडलं, सबब तुमचा धर्म खोटा, असा युक्तिवाद असे. १८५९ साली डार्विनचं पुस्तक आलं आणि दुसऱ्याच्या पोथीला लावलेली तीच फूटपट्टी त्यांच्या घरच्या पोथीलाही लागू झाली. फूटपट्टीला कुणाचं घर कळत नाही.

याच काळात बाळशास्त्री जांभेकर १८४० पासून ‘दिग्दर्शन’ मासिकातून मराठीत विज्ञान सांगत होते, आणि त्यासाठी वाचकाला धर्म सोडायला किंवा धरायला सांगत नव्हते. हा तिसरा रस्ता आपल्याकडे होता.

आपण मात्र मोठ्या प्रमाणावर मिशनरींचीच फूटपट्टी उचलली. तुम्ही म्हणता पुराणं अवैज्ञानिक? मग आम्ही दाखवतो, सगळं विज्ञान त्यांतच आहे! दशावताराचं उदाहरण घ्या. आधी मासा, मग कासव, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे डार्विनच्या आधीच आपल्याला उत्क्रांती ठाऊक होती, हे आपल्या मुलांना मराठी शाळेतही कुणी ना कुणी सांगतं. ही तुलना मात्र प्राचीन नाही. मादाम ब्लाव्हाट्स्की या थिऑसॉफिस्ट बाईंनी १८७७ साली न्यूयॉर्कहून निघालेल्या आपल्या ग्रंथात ती केली होती, म्हणजे डार्विनच्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी. वर लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हे. महापुराचं ‘विज्ञान’ आणि दशावताराचं ‘विज्ञान’ ही दोन्ही आधुनिक आहेत. विज्ञान मोठं झाल्यावर दोघांनी आपापला ग्रंथ घेऊन त्याच्या दारात रांग लावली. एक म्हणाला, तू चुकतोस, मी बरोबर. दुसरा म्हणाला, तू सांगतोस ते मी आधीच सांगितलं होतं. प्रमाणपत्र दोघांनाही हवं आहे. आणि ही दोन टोकं फार लांब नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच औरंगाबादला, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि शाळा-कॉलेजांतून तो बदलला पाहिजे. भारतातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढून खुलासा करावा लागला. २०२३ साली तर केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गेला. डोव्हर आपल्याला वाटतं तेवढं दूर नाही.

त्याहून जुनी आणि समंजस अशी रीत आपल्याकडे होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिलं. महाराष्ट्रातली पंचांगं शेकडो वर्षं त्याच्या गणितावर चालली. ते गणित चंद्राच्या आणि पृथ्वीच्या सावलीचं आहे, राहूच्या जबड्याचं नाही. हे गणित करणारे जोशीबुवा ग्रहण सुटल्यावर नदीवर स्नानालाही जात. वेळ सावलीवरून काढायची, स्नान श्रद्धेने करायचं, आणि राहूच्या भुकेवरून ग्रहणाची वेळ काढायला जायचं नाही. ८ एप्रिल २०२४ चं खग्रास ग्रहण डॅलसपासून क्लीव्हलँडपर्यंत आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं. कुणी नंतर आंघोळ केली, कुणी नाही. चष्मे मात्र सगळ्यांनी लावले.

किटलीचा दाखला सोपा आहे म्हणून तो कुठेही वापरायचा परवाना नव्हे. ‘मला चहा हवाय’ म्हणणाऱ्याने पाणी किती अंशांना उकळतं हे आपल्या मर्जीने ठरवायचं नाही. नोहाची गोष्ट सांगा, मत्स्यावताराचीही सांगा. जो तरला त्याने इतरांना तारावं हा दोन्हींचा अर्थ मुलांपर्यंत पोचू द्या. पण खडकाचं वय विचारायचं ते खडकाला. आणि उलट बाजूनेही, रेणूंचा हिशेब पूर्ण झाला म्हणून ‘चहा कुणाला हवाय’ हा प्रश्नच मूर्खपणाचा, असं विज्ञानाच्या नावाने कुणी म्हणू लागलं, तर तेही विज्ञान नव्हे. तो प्रश्न मोकळा आहे. कुणी त्याला उत्तर आहे म्हणेल, कुणी नाही म्हणेल. त्यासाठी प्रयोगशाळेची सही लागत नाही.

हे सगळं घरात कामाला येतं. मध्यंतरी माझी मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, “आई, माझी मैत्रीण म्हणते डायनोसॉर नोहाच्या बोटीत होते. टीचर म्हणतात ते आधीच संपले होते. खरं कोण?” मी तिला सांगितलं, डायनोसॉरबद्दल टीचरचं ऐक, कारण त्यांनी हाडं मोजली आहेत. मैत्रिणीला हसू नकोस, तिच्या घरची ती लाडकी गोष्ट आहे. आपल्याकडेही माशाची एक आहे. “मग आपला मासा खरा होता?” हा पुढचा प्रश्न लगेच आलाच. डायनोसॉरला लावलेला नियमच माशाला लावला, हे उत्तर देताना मला जड गेलं, पण तिला अजिबात गेलं नाही. तिने गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

येत्या वर्षी मराठी शाळेत दशावतार शिकवणाऱ्या सगळ्या ताई-दादांना एवढीच विनंती, की डार्विनला मध्ये आणू नका. आपल्या गोष्टींना त्याच्या शिफारशीची गरज नाही, आणि त्यालाही आपल्या. मुलं दोन्ही शिकू शकतात. डोव्हरच्या शिक्षकांनी नोकरी पणाला लावून जे वर्गाबाहेर ठेवलं, ते आपण निदान फुकट तरी आत आणायला नको.